हरिसिंगचा संडास

"एवढी मजबूत कुर्सी, अन् तिले भोक पाडता? काहून, काका?" तारिकने हातातलं कटर खाली ठेवलं.

हरिसिंगने आजूबाजूला पाहिलं. घाटंजीचा बाजाराचा दिवस. तारिकच्या वेल्डिंगच्या दुकानासमोर वखराची पास, तुटलेल्या खाटा, लोखंडी फाटकं घेऊन माणसं थांबलेली. त्यात त्याच्या बंजारा तांड्यातलेही दोघं होते. तो पुढे वाकून हळूच म्हणाला, "घरच्या बाईसाठी पाह्यजे. तिले खाली बसता येत नाई."

तारिकने खुर्चीचा पत्रा गोल कापला, कानशीने कडा घासली आणि हरिसिंगचा हात धरून त्या कडेवरून फिरवला. "पाहा, धार लागते का? आमच्या दादीले अब्बानं अशीच करून देल्ली होती. टोचली तर मानूस बसतच नाई मंग. रोकून ठेवते." सायकलची जुनी ट्यूब चिरून त्याने ती कडेभोवती घट्ट गुंडाळून दिली.

पावसाळा सरता सरता त्याची बायको सुखीबाई भल्या पहाटे डबा घेऊन नाल्याकडे निघाली होती, ती चिखलात घसरली. खुब्याचं हाड मोडलं. यवतमाळला ऑपरेशन झालं, आत सळई बसवली. यापुढे उकिडवं बसायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावून सांगितलं. घरी संडास नव्हता असं नाही. सरकारी योजनेतला, अंगणाच्या कोपऱ्यात, पत्र्याच्या दाराचा. पण बांधल्यापासून त्यात ढेपेचं पोतं, फवारणीचा पंप आणि पाइप हेच राहत आले होते. तांड्यात बहुतेकांकडे तसंच. ज्या अंगणात चूल पेटते त्याच अंगणात ही घाण कशाला, असं तेव्हा हरिसिंगनेच म्हटलं होतं.

मुलगा शाम पुण्याकडे कंपनीत. त्यामुळे दवाखान्यातून आल्यावर सुखीबाईचं सगळं सून बबिताच करायची. खाटेवर भांडं लावायची, उचलून न्यायची, धुवायची. ती कधी कुरकुरली नाही. उलट एक दिवस तिनेच सासऱ्याला गोठ्यात गाठलं. सासूला ती याडी, म्हणजे आई, म्हणायची.

"बा, याडी पानी पेत नाई. म्या देल्लं का खिडकीतून सांडते. भाकरही कोंबड्यायले टाकून राह्यली."

हरिसिंग खाटेपाशी जाऊन बसला. "काहून उपाशी मरतं तू?"

सुखीबाईने तोंड भिंतीकडे केलं. मग म्हणाली, "खाल्लं का निंगते ना. त्या पोरीनं माहं किती दिवस उचलावं? उजेड पडाच्या आत उठत गेली मी, जलमभर. कोनाच्या नजरेले पडली नाई. अन् आता सारं खाटीवर."

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण ही गोष्ट त्या दोघांत कधी निघालीच नव्हती. ती पहाटे कुठे जाते, आजारात काय करते, दिवसभर रानात असली की काय करते, हे त्याने कधी विचारलं नव्हतं.

खुर्ची आणल्यावर त्याने संडास रिकामा केला. भिंतींना चुना दिला, धरायला दोर बांधला, बाहेर पाण्याची टाकी मांडली. बबिताने हात धरून सासूला दारापर्यंत नेलं आणि ती मागे सरली. सुखीबाईने आतून कडी लावली. कडी लागल्याचा आवाज आला आणि का कोण जाणे, हरिसिंगला बरं वाटलं. ती बऱ्याच वेळाने बाहेर आली, हात धुतले आणि म्हणाली, "बबिता, चहा मांड. जास्त मांड."

मग कापूस फुटला. बबिता सकाळीच वेचायला जाऊ लागली. एका दुपारी सुखीबाई खाटेवर चुळबूळ करत होती.

"जातं का? चाल, धरतो," हरिसिंग म्हणाला.

"नाई लागली."

"लागली तर हाय."

"बबिता आल्यावर जाईन. सकाळी पानी नीट पडलं नाई माह्या हातानं. घान हाय तिथं."

तो उठून पाहून आला. माश्या घोंगावत होत्या. बबिता यायला दिवस मावळणार होता. हरिसिंग अंगणात उभा राहिला. बैल मेला तर त्याने हाताने ओढला असता. शेणात त्याचा जन्म गेला. पण हे काम त्याच्या घरात कुण्या पुरुषाने केलं नव्हतं, आणि दवाखान्यात ते करणाऱ्या माणसापासूनही तो जरा लांबूनच चालला होता. शेवटी त्याने धोतर खोचलं, तोंडाला दुपट्टा बांधला आणि खराटा घेतला. पहिल्यांदा तो कुंपणापाशी जाऊन ओकला. परत येऊन त्याने उरलेलं धुतलं.

"जाय," तो आत येऊन म्हणाला. "साफ हाय."

सुखीबाई त्याच्या ओल्या पायांकडे पाहत राहिली. "तुमी?"

"मंग कोन? चाल."

त्या दिवसापासून ते काम त्याचंच झालं. आधी पाणी मारायचं, पावडर टाकून ती मुरू द्यायची, मग घासायचं, हे तो करून करूनच शिकला. खुर्ची उन्हात काढून धुवायचा. पाण्याच्या मगाच्या कडेला हिरवं धरलं तर तेही घासायचा. शेवटी कोपरापर्यंत साबण.

तांड्यात गोष्ट लपत नाही. तांड्याचा नायक शंकरसिंग, हरिसिंगच्या बरोबरीचा, लहानपणापासूनचा जोडीदार, एका सकाळी आला. हरिसिंगच्या हातात खराटा होता.

"हरिसिंग, हे सोड. लोक हासून राह्यले. जानता मानूस तू."

"हासू दे."

"अरे, या कामाची मानसं असतात. घाटंजीहून एखाद्याले बोलवून घे."

"कोनती मानसं?" हरिसिंगने पाणी ओतता ओतता विचारलं. "सुखीचा मानूस मीच ना?"

शंकरसिंग निघून गेला. पण त्याचा राग नंतर दिसला. तांड्यात एका पोरीची सगाई होती. सगाईचा गूळ आजवर हरिसिंगच्या हाताने वाटला जाई. तो मांडवात शिरला तेव्हा परात दुसऱ्याच्या हातात होती. त्याच्यासाठी सरकून जागा करणारे त्या दिवशी सरकले नाहीत. तो थोडा वेळ मागे उभा राहिला आणि घरी आला.

"गूळ नाई आनला?" सुखीबाईने विचारलं.

"वाटता वाटता सरला."

तिने त्याच्याकडे पाहिलं. गूळ कधी सरत नाही, हे तिलाही माहीत होतं. ती म्हणाली, "उद्यापासून बबिताले करू द्या ते. तुमची इज्जत गेली माह्यापाई."

"तुही इज्जत राह्यली ना?" तो म्हणाला. "बस झालं."

त्या हिवाळ्यात सुखीबाई पोटभर जेवली. गाल भरले. काठी टेकत ती स्वतः अंगण ओलांडू लागली, कडी लावून आत गुणगुणू लागली. फाल्गुनात तिला ताप आला, छाती भरली आणि चार-पाच दिवसांत ती गेली. शेवटच्या दिवसापर्यंत तिने खाटेवर भांडं लावू दिलं नाही. दोघांच्या खांद्यावर हात टाकून का होईना, ती चालत गेली.

तेरवी झाली. शाम पुण्याला परतला. बबिता म्हणाली, "बा, आता राहू द्या. मी पाहीन." पण हरिसिंग सकाळी उठायचा आणि खराटा घ्यायचा. घासायला फारसं काही नसे. तरी घासायचा.

उन्हं तापली होती. एका संध्याकाळी कुंपणापाशी शंकरसिंगची सून अंजू येऊन उभी राहिली. तिला सातवा महिना होता. पाय सुजलेले, एक हात कमरेवर. शंकरसिंगच्या संडासात अजून गुरांचं कुटार भरलेलं होतं. नाल्याकडची वाट दूर आणि दगडांची. नुसती पदर बोटाला गुंडाळत राहिली.

हरिसिंगने तिच्याकडे एकदा पाहिलं. उठून बादली भरली, आत नेऊन ठेवली. खुर्चीवरून ओला फडका फिरवला, मग कोरडा. बाहेर येऊन दार तसंच उघडं ठेवलं आणि अंगणाच्या पुढच्या टोकाला, संडासाकडे पाठ करून, दगडावर जाऊन बसला. मागे कडी लागली.

थोड्या वेळाने रस्त्याने शंकरसिंग आला. सगाईपासून दोघं बोलले नव्हते. तो अंगणातून मधल्या वाटेने पलीकडे जाणार, एवढ्यात हरिसिंगने हात वर केला.

"थांब जरा. अंदर बाई हाय."

कोण, ते त्याने सांगितलं नाही. शंकरसिंग जागीच थांबला, चप्पल वाळूत घासली आणि हळूच वळून, त्यानेही तोंड कापसाच्या रिकाम्या वावराकडे केलं.