धावदोरा कच्चा असतो

मी एक जुनी थैली आहे, मांजरपाटाची. मित्रांनो, माझ्या तोंडाशी जी बारीक भोकं दिसतात ती कसरीनं पाडलेली नाहीत, सुईनं पाडलेली आहेत. जितक्या वेळा माझं तोंड शिवलं गेलं, तितक्या वेळा ते उसवलंही गेलं. एकदा मात्र ते नको तेव्हा उसवलं गेलं. ते सांगितल्याशिवाय मला खुंटीवर स्वस्थ लटकता येत नाही.

पोलादपूरच्या बाजारात हरिबांचं शिवणकामाचं दुकान होतं. उरलेल्या तुकड्यातून त्यांनी मला शिवलं. आधी माझ्यात बटणं असायची. मग एका जमिनीचा सौदा अडला. सौदा पक्का करायला आधी जी रक्कम देतात तिला इसार म्हणतात. जमीन घेणारा म्हणे, कागद झाल्याशिवाय इसार देणार नाही. विकणारा म्हणे, इसार दिसल्याशिवाय सही नाही. दोघं भांडत दुकानात आले आणि म्हणाले, "हरिबा, तुमी ठेवा." हरिबांनी बटणं ओतली, रक्कम माझ्यात घातली आणि दोघांच्या देखत माझं तोंड शिवलं. तेव्हापासून तेच माझं काम झालं.

त्यांचे नियम थोडे होते, पण वाकत नव्हते. पैसे कुणाला आणि कधी द्यायचे ते आधी चिठ्ठीवर लिहून चिठ्ठी आत टाकायची. दुहेरी दोऱ्यानं, प्रत्येक टाका मागे घेत उलटी टीप घालायची. घरचा पैसा माझ्यात पडू द्यायचा नाही. आणि उसवताना दोघंही समोर हवेत. एकदा चंदू नावाचा घेणारा एकटाच आला.

"हरिबा, माजंच पैसं हायत ना?"

"तुजं व्हतं रे. आता सौद्याचं हायत. जोडीनं ये."

"लगीन झालं तवा बी येवढा जोडीनं फिरलो नाय!" चंदू कुरकुरला. पण दुसऱ्या दिवशी विकणाऱ्याला घेऊनच आला.

डोंगरातल्या वाड्यांवरून माणसं माझं नाव विचारत येत. मला अभिमान वाटे, आणि थोडी धास्तीही. जे आपलं नाही ते पोटात घेऊन झोप कशी लागावी?

माझा शेवटचा सौदा गोदूबाईंचा. वरंधच्या वरच्या अंगाला त्यांचा माळ होता. मुंबईला नोकरी करणाऱ्या विनोदला तिथं घर बांधायचं होतं. पण माळात त्यांच्या नाते गावात दिलेल्या बहिणीचा, प्रयागबाईंचाही हिस्सा होता. चिठ्ठीत लिहिलं गेलं: प्रयागबाईंची सही झाली तर इसार गोदूबाईंना, नाही झाली तर विनोदला परत. दोरा गोदूबाईंनी निवडला. "हिरवा घाल रे, माळासारका."

त्यानंतर काही दिवसांतच, एका रविवारी, हरिबा मशिनवरच कोसळले. त्यांना महाडच्या दवाखान्यात नेलं. त्यांची मुलगी नूतन महाडलाच ग्रंथपाल होती. दवाखान्यानं आगाऊ रक्कम लगेच मागितली. बँक बंद होती, आणि एटीएमनं दिलेले पैसे पुरत नव्हते. ती दुकानात आली. मला मांडीवर घेऊन बसली. मग कात्रीनं तिनं हरिबांची टीप एकेक टाका करत कापली. मी तोंड घट्ट मिटून धरायला हवं होतं. पण थैलीला तेवढं बळ कुठून असणार?

मंगळवारी तिनं सगळी रक्कम जशीच्या तशी आणून ठेवली. दोरा हिरवाच घेतला. पण घाईत तिनं लांब लांब, सरळ टाक्यांचा धावदोरा घातला.

गुरुवारी हरिबांनी मला मागवलं. नूतन त्यांना पेज भरवत होती. ओठांवरची पेज पुसलेला अंगठा तसाच त्यांनी माझ्या तोंडावरून फिरवला. त्या अंगठ्यानं आयुष्यभर टाके तपासले होते. तो अर्ध्यावर थांबला.

"धावदोरा कच्चा असतो, नूतन," एवढंच ते म्हणाले. शुक्रवारी सकाळी ते गेले.

तेरावं झालं. प्रयागबाईंची सही झाल्याचा निरोप आला. माझी अस्वस्थता मात्र वाढत गेली. गोदूबाई आणि विनोद उसवायला यायचे होते त्या सकाळी नूतननं सुईत हिरवा दोरा ओवला. धावदोरा काढून उलटी टीप घातली असती, तर कुणाला काही कळलं नसतं. सुई माझ्या तोंडाशी आली, टेकली, आणि थांबली. मग तिनं ती बाजूला खोचून ठेवली.

दोघं आले तेव्हा ती म्हणाली, "उसवण्याआधी एक सांगायचं आहे." आणि तिनं सगळं सांगितलं.

"अगं ताई, पैसे फुल हायत ना?" विनोद म्हणाला. "मग टेन्शन कशाला? बात खतम."

गोदूबाईंनी मला हातात घेतलं. टाक्यांवरून बोट फिरवलं.

"बापासाटी घेतलंस. परत बी ठेवलंस. पन इचारलं का नायस गो? मी काय नाय म्हटलं असतं?"

नूतननं दोऱ्याचं टोक धरून ओढलं. हरिबांची टीप नेहमी कापावी लागे. धावदोरा एका ओढीत निघाला.

त्यानंतर माझ्याकडे सौदा आला नाही. लोक आता वकिलाकडे जातात. माझ्यात पुन्हा बटणं आहेत.

मित्रांनो, दुसऱ्याचं काही तुमच्याजवळ सांभाळायला असेल, तर कधीतरी नड येईल. नड खोटी नसते. पण हात घालण्याआधी ज्याचं आहे त्याला विचारा. नकार मिळाला तर वाईट वाटेल, पण ते सोसतं. होकार मिळाला असता हे मागाहून कळणं सोसत नाही.

नूतननं मला अजून धुतलेलं नाही. माझ्या तोंडाशी अंगठ्याएवढी एक जागा वाळलेल्या पेजेनं खळ दिल्यासारखी ताठ आहे. तिथं आलं की बटण शोधणारं तिचं बोट अर्ध्यावर थांबतं.