बेबीनंदाचे एकोणीस गोल

मी एक जुना लाकडी फळा आहे. पण मित्रांनो, माझी कीव करू नका, कारण माझा राग अजून ताजा आहे.

जुन्या जालन्यातल्या एका सुताराने मला सागाच्या फळ्या जोडून बनवले. मग एका महाविद्यालयाच्या जिमखान्यात मला टांगले. मुलामुलींच्या फुटबॉल संघांचे विक्रम माझ्यावर ऑइलपेंटने लिहीत. सगळ्यात मानाची ओळ वरची, एका हंगामात सर्वाधिक गोल. तिथे एके वर्षी नाव लागले, बेबीनंदा, एकोणीस गोल. शहागडहून शिकायला आलेली ही मुलगी मैदानावर जाताना माझ्याकडे बघून हसायची. मला फार बरे वाटायचे.

पुढच्या वर्षी संस्थेच्या सचिवांचा पुतण्या अंगद मुलांच्या संघात आला. त्याने अकरा गोल केले. तरी क्रीडाशिक्षक भारतसरांनी पेंटरला बोलावले. आधीचे नाव खरवडल्याशिवाय रंग धरणार नाही, असे पेंटर म्हणाला. पण सरांना बक्षीस समारंभाआधी काम हवे होते. बेबीनंदाच्या नावावर हिरव्या रंगाचा एक हात फिरला आणि वर अंगद आला.

"सर, माझं नाव का पुसलं?" तिने विचारले.

"पोरींचे गोल यात धरत न्हाईत," सर तिच्याकडे न बघता म्हणाले.

ती रडली नाही. तिने त्या ओळीवरून बोटे फिरवली. रंगाखाली तिची अक्षरे हाताला लागत होती.

तेव्हाच मी मनाशी गाठ बांधली. माझ्यामागच्या भिंतीपलीकडे पाण्याची टाकी आहे. तिची ओल मी वर्षानुवर्षे गुपचूप पीत राहिलो. फळा फुगला, खराब झाला, असे लोक म्हणत. म्हणू द्या.

गेल्या महिन्यात अंगद प्रमुख पाहुणा म्हणून आला. पांढरा सदरा, गळ्यात हार. फोटोसाठी माझ्याजवळ उभा राहून त्याने ऐटीत मला थोपटले. मला तेवढेच हवे होते. त्याच्या नावाचा अख्खा पापुद्रा सुटून त्याच्याच सदऱ्यावर पडला. खाली बेबीनंदा, एकोणीस गोल, जसेच्या तसे.

भारतसर घाईघाईने म्हणाले, "आजच्या आज रंगवून घेतो."

बेबीनंदा आता इथल्याच मुलींच्या संघाला शिकवते. ती आपल्या मुलींसह दारातच उभी होती.

"हात नका लावू, सर," ती म्हणाली. "बराबर लिहिलंय."

सरांची मान खाली गेली. मला आनंद झाला, खोटे कशाला बोलू?

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी म्हणतात, आम्हाला जपा. मी तसे म्हणणार नाही. माझ्यावर रंगाखाली दडलेली अशी आणखी दोन नावे आहेत. ती कोणाची, हे भारतसरांना ठाऊक आहे. पावसाळा तोंडावर आला आहे आणि टाकी अजून गळते आहे.