जीप उशिरा काऊन आली

पुंजाजीनं कुऱ्हाड घातली हे सारं गाव सांगते. त्याले जन्मठेप झाली. पण माह्या भाऊजीच्या मरणात माहा हात किती, हे कोणी विचारलं नाई, अन् मी सांगतलं नाई.

चौऱ्याहत्तरचा दसरा. सातपुड्याच्या पायथ्याच्या एका ठाण्यात मी वायरलेसवर होतो. मोठी बहीण मनकर्णाबाई, तिले मी बाईच म्हणो. तिचा नवरा शेषराव, माहा भाऊजी, त्याच ठाण्यात शिपाई. माह्या खोलीतून एकच केबल मनोऱ्यावर जाये. वर दोन एरियल अन् त्याइच्या मधात एक पेटी. खालची फ्रिक्वेन्सी आली की पेटी तिले लांब तारीकडे सोडे, ते बोलणं थेट जिल्ह्याले जाये. वरची आली की उभ्या दांडीकडे, ते संग्रामपूरच्या रस्त्यावरच्या जीपीले. वाटणीचं काम पेटीचं.

खंडेनवमीले ठाण्यात बंदुका, काठ्या, बेड्या, सारं पुजतात. बाई म्हणे, "इंद्रभान, त्या पेटीवर तुमचे जीव. तिले काऊन वगळता बे?" मी पेटी उतरवली, झाकणही खोललं. तिनं आतमंधी पाणी शिंपडलं, ओलं हळदीकुंकू लावलं. मी वरवर पुसून परत बसवली. दसऱ्याच्या सकाळी जिल्ह्याले बोलून पायलं, जीपीले बोललो नाई. सण होता ना. जोडा मारा मले.

दुपारी सीमोल्लंघन. शमीची पयली फांदी कोणाच्या घरानं तोडायची, यावरून दोन भावक्या ठाण्यासमोरच्या मैदानात भिडल्या. बंदोबस्ताले भाऊजी एकटा, बाकीचे देवीच्या मिरवणुकीत. पयले दगड, मंग काठ्या, मंग कुऱ्हाडी. एकाचं डोकं खरबुजावानी फुटलं. भाऊजी दोघाइच्या मधात काठी आडवी धरून उभा, कानातून रक्त गळून राह्यलं.

मी जीपीले हाका मारल्या. रामराव ड्रायव्हर सेटजवळून हलत नसे. तरी उत्तर नाई. जिल्ह्याचा माणूस मातर लगेच बोलला. "आमचा आवाज जीपपर्यंत पोचत नाही. इथून गाडी पाठवतो, दोन तास लागतील." तवा टाळकं चाललं. लांब तार चालू, दांडी बंद. म्हणजे पेटी.

मनोऱ्यावर चढलो. पेटीत कुंकवाचा चिखल, दांडीकडची बाजू जळून काळी. केबल तोडली, दातानं सोलली, सरळ दांडीले बांधली. वरूनच दिसलं, एका भावकीतल्या पुंजाजीनं भाऊजीच्या मानेवर कुऱ्हाड घातली. भाऊजी गुडघ्यावर आला. दुसरा घाव बसला. मी बोंबललो, पण त्या गलक्यात कोण आयकते.

उतरून जीपीले हाक मारली. रामराव पयल्याच हाकेले बोलला. दहा मिनिटात आला, गर्दीत जीप घातली, शिपायाइनं गोळ्या सोडल्या. तो दहाच मिनिटं दूर होता.

पुंजाजीले कोठडीत मीच धरलं. दात पडेपर्यंत मारलं, बोटं मोडली. दोघा शिपायाइनं वढून काढलं मले. हात थांबला की पेटी डोळ्यासमोर येये, म्हणून मारत होतो.

बाईनं मयताजवळ बसून विचारलं, "इंद्रभान, जीप उशिरा काऊन आली?"

खरं सांगतलं असतं तर ती तिथीच मेली असती. अन् मी बी भेकड. म्हटलं, "रामराव झोपला होता."

बारा वर्सं झाले. बाई अजून रामरावच्या दारासमोर थुंकते, त्याच्या लेकराइले शाप देते. एकदा तर त्याच्या बायकोच्या कपाळावर दगड मारला तिनं, चार टाके पडले. रामराव भांडत नाई. विधवा बाई हाये म्हणून दार लावून घेते.

मांगच्या आठवड्यात तो माह्या वट्ट्यावर येऊन बसला. म्हणे, "इंद्रभान, मी झोपलो होतो असं तिले कोणी सांगतलं असंन बे?"

मी त्याले चहा पाजला. म्हटलं, "काय मालूम."