नाडी नसलेला नवरा

मासे आणायला गेले आणि विधवा होऊन परत आले. शपथेवर सांगते, तेवढ्या वेळात मासेवाल्याचे सगळे स्नूक मासे साफ करूनसुद्धा झाले नव्हते.

कोपऱ्यावर त्याची गाडी लागली होती आणि आमची अर्धी अथलोन वस्ती रांगेत, त्यातच दीड तास गेला. पिशवी घेऊन गल्लीच्या तोंडाशी आले तर आमच्या घराजवळ गर्दी. टोप्या घातलेले पुरुष, गाड्या, आणि मयत कमिटीची पांढरी व्हॅन. म्हटलं, शेजारची गलीमाआजी गेली वाटतं, बरेच दिवस अंथरुणाला खिळली होती बिचारी. एक बाई धावत आली, माझ्या गळ्यात पडून रडायला लागली. मीही चार टिपं गाळली, रीत म्हणून. मग हळूच विचारलं, "केव्हा गेली आजी?"

"आजी कशाला जातेय? तुझा आर्मीन गेला गं!"

आता आर्मीनच्या छातीत काय आहे ते आधी सांगते, नाहीतर तुम्ही माझ्या नणंदेलाच सगळा दोष द्याल. तिला दोष द्यायचा मान माझा आहे.

माझ्या नवऱ्याचं हृदय थकलं. डोंगराखालच्या मोठ्या हॉस्पिटलात एक प्रोफेसर हृदयाच्या पंपावर संशोधन करतात, त्यांनी त्याच्या छातीत पंप बसवला. हा पंप रक्त सलग ढकलतो, नळाच्या धारेसारखं. ठोके नाहीत, त्यामुळे नाडीच लागत नाही. पोटातून एक वायर बाहेर येते, ती कमरेच्या पिशवीतल्या कंट्रोलरला जोडलेली, त्याला दोन बॅटऱ्या. वीज जाते तेव्हा दुसऱ्या बायका मेणबत्त्या शोधतात, मी नवरा मोजते. रोज सकाळी चहाच्या आधी त्याच्या छातीला कान लावायचा. आतून घूं ऐकू आलं की मग गॅस पेटवायचा.

आर्मीनला मात्र या सगळ्याचा कोण गर्व! भाजी निवड म्हटलं की म्हणतो, "रुगाया, माझ्यावर संशोधन चालू आहे." जसं काही कोथिंबीर निवडली तर संशोधन खराब होईल.

पण पंप म्हणजे तात्पुरती सोय. खरं हृदय मिळायला हवं. हृदयाच्या यादीत नाव लागल्यापासून मी माझा मोबाइल न्हाणीघरात सुद्धा नेते, कारण हॉस्पिटलचा फोन आला की लगेच निघायचं असतं. नाही गेलात तर हृदय पुढच्याला. दोन वर्षं मी त्या एका फोनसाठी जगत होते. आणि नेमका त्या दिवशी, मासेवाल्याकडे दहा मिनिटं जायचं म्हणून, मी तो नणंदेच्या हातात दिला.

माझी नणंद तौगीदा. आदल्या दिवशीच जोहान्सबर्गहून आलेली. तिने ऑफिसात प्रथमोपचाराचा कोर्स केलाय आणि तेव्हापासून ती माणसांकडे पेशंट म्हणूनच बघते. भावाला चहा द्यायला गेली. तो सर्दीचं औषध घेऊन गाढ झोपलेला. हाक मारली, उठला नाही. हात गार. त्याचे हात लग्नाच्या दिवशीही गारच होते, पण ते जाऊ दे. तिने मनगट दाबलं, नाडी नाही. मान दाबली, तिथेही नाही. छातीला कान लावला तर घूं.

"मशीन चालू राहिलं गं," नंतर ती मला सांगत होती, "पण माणूस गेला!"

झालं. तिने रीतीप्रमाणे हनुवटी फडक्याने बांधून टाकली. ती बांधली नसती तर त्याच्या घोरण्यानेच सगळ्या गल्लीला खरं कळलं असतं. आणि आमच्यात मयत म्हटलं की सूर्य मावळायच्या आत माती व्हायला हवी. एरवी लग्नाला तासभर उशिरा येणारी आमची माणसं मयताला अशी धावतात की मेलेल्याला मरायला वेळ मिळत नाही.

मी गर्दी ढकलत आत शिरले. माझ्या स्वयंपाकघरात, माझ्या मोठ्या पातेल्यात, माझ्या नवऱ्याच्या मयताची अखनी, मटण घातलेला भात, शिजत होती. तशात मी भात चाखला. मीठ कमी होतं.

खोलीत आंघोळ घालणारे दोघे बाह्या सरसावून उभे. पाण्याच्या बादल्या, साबण, कापूर, सगळं तयार. एकाने तांब्या भरून उचललाही होता.

"खबरदार!" मी ओरडले. "त्याच्या कमरेच्या पिशवीवर पाणी पडलं तर खरंच मरेल तो!"

"वहिनी, धीर धरा," तो म्हणाला. "दुःखाने असं होतं."

"दुःख गेलं खड्ड्यात! हा हिरवा दिवा दिसतोय का?" मी कंट्रोलर त्याच्या नाकाशी धरला आणि आर्मीनच्या हनुवटीचं फडकं सोडलं. त्याने एक डोळा उघडला.

"आर्मीन! जागा आहेस तू?"

"मघाचपासून."

"मग मेल्या, उठला का नाहीस?"

"बाहेर इमामसाहेब माझ्याबद्दल चांगलं बोलत होते. तुझ्या तोंडून तर आजवर ऐकलं नाही. म्हटलं, पूर्ण ऐकून घेऊ."

तांब्या खाली पडला. दारात उभी असलेली तौगीदा भिंतीला धरून हळूहळू खाली बसली. प्रथमोपचारवालीला वारा घालायला तिघी लागल्या.

ती शुद्धीवर आल्यावर मी विचारलं, "ताई, कुणाकुणाला कळवलंस?"

"मशिदीत. रेडिओवर. जोहान्सबर्गला. आणि त्या हॉस्पिटलच्या बाईला, तिचा फोन आला होता मघाशी."

"काय म्हणाली ती?"

"म्हणाली, हृदय आलंय, लगेच घेऊन या." तौगीदाच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. "मी म्हटलं, उशीर केलात हो. तो गेला."

मेलेला नवरा बघून मी रडले नव्हते, पण आता मला हंबरडा फोडावासा वाटला. दोन वर्षं! मी फोन लावला, लागेना. पुन्हा लावला, लागेना. साहजिकच होतं, ती बाई आता पुढच्याला फोन करत असणार.

"आर्मीन, ऊठ. अजून वेळ असेल तर असेल."

पण दारातल्या आमच्या गाडीला आडवी मयत कमिटीची व्हॅन, आणि तिच्या मागे सगळी गल्ली गाड्यांनी गच्च. व्हॅनच्या दाराशी गसांतकाका उभे, ते तीस वर्षं तीच व्हॅन चालवतात.

"काका, आम्हाला हॉस्पिटलला सोडा."

"अगं पोरी, या गाडीत कुणी बसून गेलेलं नाही आजवर. तिचा एक मान आहे."

"मग मी आडवा होतो," आर्मीन म्हणाला आणि आत चढून झोपलासुद्धा.

रस्त्यात लोक मयताची गाडी बघून थांबत होते, वाट देत होते. एवढा मान आर्मीनला जिवंतपणी कधी मिळाला नव्हता. एका सिग्नलला त्याने उठून काचेतून हात हलवला. फुटपाथवरच्या संत्रीवालीने टोपलीच टाकली. मी त्याला दाबून पुन्हा आडवं केलं. मागे बघते तर गाड्यांची ही रांग! मागे गाड्यांत बसलेल्यांना कुणी काही सांगितलंच नव्हतं. व्हॅन निघाली, ते मागून निघाले.

हॉस्पिटलच्या फाटकावर पहारेकरी म्हणाला, "मयत मागच्या दाराने."

"मी पुढच्या दारानेच जाणार!" आतून आर्मीन ओरडला. फाटक चटकन उघडलं.

सिस्टर झोलिस्वा आम्हाला जिन्याशीच भेटल्या. हृदयांची यादी त्याच सांभाळतात. आर्मीनला चालत येताना बघून त्या जिन्याच्या पायरीवर मटकन बसल्या.

"अहो आर्मीन! मी रडले हो तुमच्यासाठी!"

"आज सगळेच रडले, सिस्टर. फक्त हिच्या डोळ्यांत पाणी नाही."

"सिस्टर," मी म्हटलं, "हृदय आहे ना अजून?"

त्यांनी दाराकडे बघितलं. मग म्हणाल्या, "आहे. पण मी पुढच्यांना बोलावलंय."

दाराशी एका ट्रॉलीवर एक मुलगी पडली होती. लिंदेल्वा तिचं नाव, खायेलित्शाच्या शाळेत शिकवते म्हणे. ओठ निळे पडलेले. एक-एक श्वास अशी ओढत होती की बघणाऱ्याचाच श्वास अडकावा. शेजारी तिची आई. तिच्या एका पायात घरातली सपात, दुसऱ्या पायात भलताच बूट. हिला फोन आला तेव्हा हीसुद्धा माझ्यासारखीच धावली असणार.

"हृदय दोघांनाही चालेल," सिस्टर हळू आवाजात म्हणाल्या. "यादीत पहिलं नाव यांचंच. कंप्यूटरवर मी यांना मयत केलंय, ते एका मिनिटात जिवंत करते. हक्क यांचा आहे. फक्त लवकर सांगा."

"तिच्यात पंप नाही का?" आर्मीनने विचारलं.

"नाही. संशोधनात पंप थोडेच होते."

मी भांडायला आले होते. रस्ताभर वाक्यं जुळवली होती. त्या आईने आमचं सगळं ऐकलं होतं. तिने लेकीच्या उघड्या पडलेल्या पावलांवर चादर ओढली आणि तिथेच हात ठेवून उभी राहिली.

"रुगाया," आर्मीन म्हणाला, "बॅटरी किती आहे बघ माझी."

मी बघितलं. "भरलेली आहे."

तो नुसता माझ्याकडे बघत राहिला.

मला असा राग आला म्हणून सांगू! तौगीदाचा, प्रोफेसरचा, त्या इमामाचा. चार लोकांनी चांगला म्हटलं की हा माणूस लगेच बिघडतो! माझी दोन वर्षं, माझ्या अर्ध्या झोपेच्या रात्री, वीज गेली की होणारी धडधड, ते काहीच नाही का? मला माझा नवरा हवा होता. म्हातारा होईपर्यंत हवा होता. आणि त्या बाईच्या पायातला तो एकटा बूट माझ्या डोळ्यांसमोरून हलेना.

"सिस्टर," मी म्हटलं, "आजच्या दिवस मेलेलाच राहू द्या याला. उद्या जिवंत करा."

"नक्की? पुन्हा केव्हा हृदय येईल, मी सांगू शकत नाही."

"मयताला कुणी हृदय बसवतं का? न्या त्या पोरीला! उभ्या काय राहिलात!"

ट्रॉली आत गेली. त्या आईने माझे दोन्ही हात धरले आणि तिच्या भाषेत काहीतरी बोलत राहिली. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं, स्नूकची पिशवी अजून माझ्या हातातच होती. आम्ही दोघी माशासकट रडलो.

येताना व्हॅनमध्ये मी आर्मीनकडे पाठ करून बसले. घरी सगळी मंडळी अखनीवर तुटून पडली. स्वतःच्या मयताचं जेवण आर्मीन दोनदा मागून जेवला आणि वर म्हणाला, मीठ कमी आहे.

सकाळी त्याच्या छातीला कान लावला. घूं. मग गॅस पेटवला. चहा उकळत होता तेवढ्यात फोन वाजला.

"लिंदेल्वाच्या हाताला नाडी लागतेय," सिस्टर झोलिस्वा म्हणाल्या. "मी स्वतः धरून बघितली. तिची आई तर मनगट सोडायलाच तयार नाही." मग म्हणाल्या, "आणि आर्मीनचं काय करू? जिवंत करू ना?"

मी वळून बघितलं. तो टेबलाशी बसून स्नूकचे काटे काढत होता आणि तौगीदाला समजावत होता की त्याच्यावर संशोधन चालू आहे. मला एकदम रडू आलं, म्हणून मी ओरडूनच बोलले.

"करा! आणि नाव पहिल्या नंबरावर ठेवा. आता फोन फक्त मीच उचलणार आहे."