बटण जिवंत आहे

लोक सुट्टीला निघाले की त्यांचे पिंजरे आमच्याकडे येतात. घरातली मागची खोली मी त्यासाठीच रिकामी केली आहे. एका भिंतीला पक्षी, समोरच्या भिंतीला ससे, गिनीपिग आणि हॅमस्टर, मधे माझी खुर्ची. पिंजरा घासूनपुसून आणू नका, असं मी सगळ्यांना बजावते, कारण मळक्या भुशालाच घराचा वास असतो आणि परक्या जागी जनावराला तेवढाच आधार. तरी लोक लाजेकाजेस्तव धुऊनच आणतात. मग जनावर कोपऱ्यात तोंड फिरवून बसतं आणि मालक मला फोनवर विचारतात, की ते खात का नाही.

मला जनावरांचा लळा वगैरे लागत नाही. ठेवायला दिलेलं धडपणे परत करायचं, एवढंच माझं काम. आमच्या ह्यांचं तसं नाही. हे विमा कंपनीत मृत्यूच्या दाव्यांच्या खात्यात होते. नोकरी संपली, पण खोड गेली नाही. कुणी गेलं की बातमी सगळ्यांत आधी ह्यांनीच कळवायची. नातेवाइकांना आमचा फोन वाजला तरी धस्स होतं.

त्या थंडीत आमच्याकडे बटण राहायला होतं. बटण म्हणजे एका नऊ-दहा वर्षांच्या मुलीचा हॅमस्टर, बिस्किटाच्या रंगाचा. पिंजरा तिने स्वतः उचलून आणला, वडिलांना हात लावू दिला नाही. "काकू, बटणाशी बोलायला लागतं," असं मला बजावून ती आईवडिलांबरोबर समुद्रावर गेली. मी हो म्हटलं. बोलले काही नाही.

एका सकाळी मी दात दाखवायला गेले होते. खोलीतला हीटर रात्रीच कधीतरी बंद पडला होता. ह्यांनी पाहिलं तर बटण गोळा होऊन पडलेलं, गार, कडक, श्वासाचा पत्ता नाही. ह्यांनी तिथल्या तिथे मुलीच्या आईला फोन लावला आणि ऑफिसच्या आवाजात कळवून टाकलं. मी घरी आले तेव्हा हे चपलांचं रिकामं खोकं शोधत होते.

हॅमस्टर गारठला की कधी कधी असाच पडतो. श्वास इतका मंदावतो की डोळ्यांना दिसत नाही. म्हणून ऊब देऊन पाहिल्याशिवाय त्याला मेला म्हणायचं नसतं.

"शंभरदा सांगितलंय तुम्हाला," मी म्हटलं.

"अगं, पण हलत नव्हतं ते!"

"तुम्हीही दुपारी जेवल्यावर हलत नाही. मी कळवते का कुणाला?"

मी बटणाला लोकरीच्या मोज्यात घातलं, छातीशी धरलं आणि खुर्चीत बसून राहिले. बऱ्याच वेळाने मोज्यात काहीतरी थरथरलं. आधी मिशा हलल्या, मग एक पाय. माझ्या जिवात जीव आला. डोळेही भरून आले, पण ते मी ह्यांना दिसू दिलं नाही.

फोन मात्र काही केल्या लागेना. संध्याकाळी एकदाची आई सापडली. मी सगळं सांगितलं.

"काकू, आता नका हो," ती म्हणाली. "दिवसभर रडलीय. वाळूत ढिगारा केला, त्यावर शिंपले लावले, जेवली नाही. आत्ता कुठे डोळा लागलाय. आणि म्हातारंच आहे ना ते? आज ना उद्या जाणारच. पुन्हा हे सगळं करायचं का? त्यापेक्षा तुम्हीच ठेवून घ्या ना."

"अहो, पण ते तिचं आहे."

"आम्ही पिंजरा घ्यायला येऊ. तिच्यासमोर विषय काढू नका, प्लीज."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. हे म्हणाले, "त्यांची मुलगी, त्यांचं घर. आपण मधे पडू नये." सकाळीच फोन करून मधे पडलेला माणूस हे सांगत होता. मी बटणाला एका छोट्या पिंजऱ्यात घालून स्वयंपाकघरात ठेवलं.

ते परत आले तेव्हा आई खाली गाडीतच बसून राहिली. वडील पिंजरा न्यायला वर आले आणि त्यांच्या मागून मुलगी. तिचे डोळे कोरडे होते. दारातच तिने विचारलं, "काकू, बटणाला कुठे पुरलंत?"

ह्यांनी घसा खाकरला आणि बाल्कनीतल्या कुंड्यांकडे पाहिलं. आता हे एखादी कुंडी दाखवणार, हे मी ओळखलं. वडील माझ्याकडे पाहून हळूच मान हलवत होते, नको म्हणून. मी आत गेले आणि बटणाला घेऊन आले.

"मेलं नव्हतं गं. थंडीने निपचित पडलं होतं. काकांनी घाई केली."

तिने ओंजळ पुढे केली. बटण तिच्या हातावर चढलं, अंगठ्याचा वास घेतला आणि तिथेच बसलं. तिने त्याचे कान पाहिले, पोट पाहिलं. तिला हसू फुटत होतं, मी पाहिलं. मग तिने मान वर करून वडिलांकडे बघितलं. वडील स्वतःच्या बुटांकडे बघत होते.

तिचं हसू गेलं.

"बाबा, हे तू आणलंस ना?"

"नाही गं, बटणच आहे. खरंच."

"मासा मेला तेव्हा पण तू दुसरा आणून ठेवलास. आणि तोच आहे म्हणालास. खरंच म्हणालास."

वडिलांचा चेहरा उतरला.

"अगं, मी सांगते ना," मी म्हटलं. "माझ्या हातात जागं झालंय ते. तुझंच आहे."

"काकू, तुम्ही पण?"

ती रागावली नव्हती. मी रागावण्याची वाट पाहत होते, म्हणजे समजूत तरी घालता आली असती. तिने बटणाच्या पाठीवरून एक बोट फिरवलं, त्याला म्हणाली, "तुझी काही चूक नाही," आणि जपून माझ्या हातात दिलं. मग आपला रिकामा पिंजरा उचलला आणि जिना उतरायला लागली. वडील तिच्या मागून गेले.

बटण माझ्या तळहाताच्या कडेला येऊन, नाक उंच करून हवेत वास घेत होतं. मी बाल्कनीत जाऊन कठड्यावरून वाकून ओरडले, "अगं, ते तुझंच आहे!"

तिने वळून पाहिलं, मला वाईट वाटू नये म्हणून हात हलवला आणि गाडीत जाऊन बसली.