चाळिसावी वडी

शिडीच्या वरच्या पायरीवर उभं राहून अण्णांनी तुळईवरचं मेलेलं घुबड उचललं. चोचीशी रक्ताचा वाळका थेंब होता.

"वास त्याचाच होता का?" खालून गोदामाच्या मॅनेजरबाईंनी विचारलं.

"त्याचाच."

तरी अण्णा उतरेनात. तो थेंब त्यांच्या चांगलाच ओळखीचा होता. तीस वर्षं ते गोदामांतले उंदीर मारत आले होते, आणि त्यांचे उंदीर असेच मरत. आतल्या आत रक्त वाहून, चौथ्या दिवशी. या चौथ्या दिवसाचा त्यांना कोण अभिमान! उंदीर पटकन मेला तर बाकीचे सावध होतात, असं ते छाती फुगवून सांगत. मधले दिवस तो झिंगल्यासारखा उघड्यावर फिरतो, हेही त्यांना ठाऊक होतं. त्याला तेव्हा कोण उचलून नेतं, हे मात्र कधी डोक्यात आलं नव्हतं.

"पूर्वी तुम्ही वर्षातून एकदा यायचात," बाई म्हणाल्या. "आता महिन्यात तीनदा बोलवते, तरी उंदीर आहेतच."

"पूर्वी इथे घुबडं किती होती?"

"चार-पाच जोड्या असतील. शेजारच्या गोदामांतही होती. तिथंही तुमचंच औषध ना?"

वरच्या कोपऱ्यातल्या खोक्यातून फिसकारल्याचा आवाज आला. मादी होती, पोटाखाली तीन पिल्लं. इतके दिवस नर शिकार आणून देत होता. आज अंधार पडला की तिलाच बाहेर पडावं लागणार. अण्णांना स्वतःची लाज वाटली.

खाली येऊन ते गुडघ्यांवर बसले आणि परवा स्वतःच ठेवलेल्या विषाच्या वड्या पोत्यांमागून, नळांखालून वेचू लागले. सगळी दुपार त्यातच गेली. चाळीस ठेवल्या होत्या. एकोणचाळीस सापडल्या.

"एकच राहिली ना? जाऊ द्या हो," बाई म्हणाल्या.

"एका वडीत चार उंदीर मरतात, हे तुम्हाला मीच सांगत आलोय."

बाईंनीही वाकून पोत्यांमागे पाहिलं.

"तुमच्याकडे जुना पिंजरा होता बघा."

"पिंजरा? तुम्ही तर म्हणायचात, पिंजरा म्हणजे बावळटांचं काम."

"म्हणायचो खरा. द्या तो."

बाईंनी अडगळीतून गंजका पिंजरा आणला. अण्णांनी जेवणाच्या डब्यातला पावाचा तुकडा त्यात अडकवला, झापडीला तेल लावलं आणि नळाजवळ पोत्यावर बसले. उजेड कमी होत गेला. वर पंख झटकल्याचा आवाज झाला.

"ये रे बाबा," ते नळामागच्या अंधाराकडे बघत हळूच म्हणाले, "आधी माझ्याकडे ये."