बंद केलंस ना?

सासूबाईंनी बजावलं होतं, "तो किल्ल्यांचा खेळ घरात येऊ देऊ नकोस. त्याच्यापुढे याला जगाचं भान नसतं."

तिने हसण्यावारी नेलं. "आई, बाप झालाय आता तो."

मग तिच्या यंत्रं दुरुस्त करणाऱ्या नवऱ्याने ते कपाटाएवढं जुनं व्हिडिओ गेमचं धूड घरात आणून उभं केलं. त्यात किल्ल्याभोवती तट बांधायचा, तोफांचा मारा झेलायचा आणि पुन्हा पडझड बुजवायची. एवढीशी फट राहिली, तरी किल्ला गेला.

काल ती न्हाणीघरातून ओरडली, "नीट बंद केलंस ना रे?" तिच्या डोक्यात जिन्याच्या तोंडाशी बसवलेलं फाटक होतं.

"केलं गं. मुंगी शिरायची नाही."

ती निवांत अंघोळ करून बाहेर आली, तर नुकती रांगायला लागलेली लेक, भिंगरी, जिन्याच्या अगदी कडेला. तिने झडप घालून पोरीला उचललं.

"मला वाटलं, तू तटाचं विचारतेयस," नवरा पडद्यावरून नजर न काढता म्हणाला.

"तुझ्या तटाशी मला काय घेणं?"

आज तिची रजा संपली. कामावरून तिने फोन केला, तर तो म्हणाला, "सगळं बंद आहे, काळजी करू नकोस." मागे तोफा धडाडत होत्या. सगळं म्हणजे काय, हे विचारायच्या आत त्याने फोन ठेवला. आता उचलतही नाही.

"तुम्ही आमच्या घरावरून जात असाल तर जरा बेल वाजवा हो," ती भेटेल त्याला काकुळतीने म्हणतेय. "त्याचं राहू द्या. भिंगरी कुठे आहे, तेवढं बघा."